कडबनवाडीचा माळ आणि तीन दुर्बिणी

डिसेंबरात पहाटे पावणेचारला पुणं सोडलं तेव्हा गाडीत तीन माणसं होती आणि तीन दुर्बिणी. भावोजींची नवीकोरी १२×५०, भाच्याची खिशात मावणारी १०×२५ आणि माझी रबर झिजलेली ८×४२. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये.

भावोजींनी खरेदीआधी महिनाभर अभ्यास केला होता. परदेशातले शिकारी मोकळ्या मुलखात काय वापरतात याचे ढीगभर व्हिडिओ पाहिलेले. अमेरिकेतल्या वायोमिंगच्या माळांवर प्रॉन्गहॉर्न हे हरणासारखं जनावर हेरायला लोक १० पटीच्या, १२ पटीच्या, काही जण तर १५ पटीच्या दुर्बिणी नेतात. मग आपल्या माळालाही तेच, हा त्यांचा हिशेब. आपल्याकडे १९७२च्या कायद्यानंतर शिकार बंद झाली, पण जनावरानं आपल्याला हेरायच्या आत आपण त्याला हेरायचं, हे कसब दोन्हीकडे सारखंच. फक्त तो शिकारी टेकाडावर बूड टेकून, ट्रायपॉडवर दुर्बीण लावून तास न्‌ तास बघतो. आपण असतो हलत्या गाडीत.

कडबनवाडी इंदापूर तालुक्यात. सोलापूर रस्त्यानं भिगवण मागं टाकून आत वळायचं. वनविभागाची गवताळ सफारी इथं आणि बारामतीकडच्या शिर्सुफळला आहे. नोंदणी ऑनलाइन करूनच निघा आणि सकाळची पहिली फेरी घ्या. का ते पुढं सांगतो.

उजाडलं तेव्हा वाळकं गवत, मधूनच एखादी बाभूळ, बाकी सगळं एकाच रंगाचं. आम्ही तिघंही दुर्बिणी डोळ्यांना लावून बसलो. गावचाच गाईड होता, तो म्हणाला, “सायेब, आधी नुसत्या डोळ्यानं बघा. काय हललं, की मग ते डबडं लावा.” लाखमोलाचा सल्ला. चिंकारा हरीण उभं असलं की गवतातच विरघळतं. त्याला पकडून देते ती सारखी फडफडणारी काळसर शेपटी.

तशीच एक शेपटी दिसली, साधारण चारशे मीटरवर. माझ्या ८×४२ मध्ये नर, त्याच्यामागं मादी आणि दोन अंगांनी पसरलेलं गवत, सगळं एका नजरेत. भावोजींना चिंकारा सापडेचना. सापडला तेव्हा थरथरत होता. थरथरत होते खरं तर भावोजींचे हात, आणि इंजिन चालू होतं. दुर्बीण जितके पट मोठं दाखवते तितक्याच पटीनं हाताचा कापही मोठा करते. शिवाय १००० मीटरवर ८ पटीत ११० ते १४० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, १२ पटीत जेमतेम ८० ते १००. मोकळ्या माळावर, जिथं खुणेला झाडही नाही, तिथं हा फरक फार मोठा. धाविक पक्षी पळायला लागला किंवा भोवत्या हा शिकारी पक्षी गवतावरून तरंगत गेला, की अरुंद पट्ट्यातून तो निसटलाच म्हणून समजा.

भाच्याची रडकथा वेगळी. “मामा, मधेच सगळं काळं होतंय.” व्यासाला पटीनं भागा: २५ भागिले १० म्हणजे अडीच मिलिमीटर. डोळ्याशी येणारा प्रकाशाचा गोल एवढाच. गाडीला गचका बसला की बाहुली त्या गोलातून बाहेर जाते. ८×४२ ला हाच गोल सव्वापाच मिलिमीटरचा असतो, म्हणून डोळा थोडा सरकला तरी चालतं. झुंजूमुंजूच्या अंधारात, लांडगा दिसायची त्यातल्या त्यात शक्यता असते त्या वेळी, उजेडही जास्त मिळतो. (लांडगा आम्हाला दिसला नाही. पावलं दिसली.)

साडेनऊनंतर जमीन तापली आणि हवा नाचायला लागली. दूरचा चिंकारा पाण्यात उभा असल्यासारखा. मृगजळात मृग! इथं कुठलीच दुर्बीण कामाची नाही. जास्त पट म्हणजे जास्त लाटा, बस्स. म्हणून म्हटलं पहिली फेरी. सकाळी ऊन पाठीशी घेऊन पश्चिमेकडं बघायचं आणि गाडी थांबली की इंजिन बंद करायला लावायचं, लाजायचं नाही.

विकत घेताना चष्मेवाल्यांनी एक बघावं: डोळा भिंगापासून १५ मिलिमीटर तरी लांब ठेवून पूर्ण चित्र दिसलं पाहिजे, आणि डोळ्याकडच्या रबरी कडा फिरवून आत घेता आल्या पाहिजेत. झूमवाली दुर्बीण आणि लाल चमकणारी भिंगं, दोन्हीच्या वाटेला जाऊ नका. वजन सातशे ग्रॅमपर्यंत ठीक. मानेऐवजी खांद्यावरून येणारे पट्टे घ्या. माळावरची धूळ सदऱ्यानं पुसलीत तर भिंगावर चरे पडलेच. आधी फुंकणीनं उडवा, मग मऊ ब्रश, कापड सगळ्यात शेवटी. मी माझी पहिली दुर्बीण अशीच सदऱ्यानं पुसून घालवली.

परतताना भिगवणला चिलापी खाल्ली. उजनीवर फ्लेमिंगो बघायला होडीत बसायचं असेल तर तिथंही ८ पटच. भावोजी एव्हाना जरा गप्प होते.

पण १२×५० ला अगदीच टाकाऊ म्हणणार नाही. माळावरून निघताना गाईडनं ती मागून घेतली, दगडी खांबावर टेकवली आणि श्वास रोखून गावाकडं बघत राहिला. टेकवल्यावर ती खरंच झकास दाखवत होती. मिनिटभरानं त्यानं ती घाईघाईनं भावोजींच्या हातात दिली.

“काय दिसलं हो?” भावोजींनी मोठ्या आशेनं विचारलं.

“आमची म्हस सुटलीया,” म्हणाला आणि मोटारसायकलला किक मारली.