कूतचा वेढा आणि घोड्याचं मटण

२९ एप्रिल, रत्नागिरी

आज वाचनालयात निवृत्त गुरुजींशी चांगलाच वाद झाला. निमित्त तारखेचं. १९१६ साली, पहिल्या महायुद्धात, आजच्याच दिवशी इराकमधलं कूत-अल-अमारा हे इंग्रजांचं वेढ्यात अडकलेलं ठाणं तुर्कांच्या हाती पडलं. गुरुजी म्हणाले, "इंग्रजांच्या फौजेतल्या आपल्या शिपायांनी घोड्याचं मटण वेळेवर खाल्लं असतं तर ठाणं अजून तगलं असतं. सोवळं नडलं रे."

सोवळं? १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या, आणि मराठा पलटणींत कोकणी मराठ्यांची भरती जुनीच. सुक्या बांगड्यावर वाढलेली माणसं ही! मला वाटतं, त्यांना धाक होता गावाचा. परत गेल्यावर भावकी पंगतीला बसवील का, सोयरीक जुळेल का. वाळीत टाकणं म्हणजे काय, हे कोकणात अजून कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आणि नकार काही एकट्या मराठ्यांचा नव्हता, इतर हिंदी पलटणींतही तेच.

मुळात तिथे अडकायची वेळ आली ती बगदादच्या हावेपायी. बगदादजवळच्या टेसिफोनला मार खाऊन इंग्रज सेनापती टाउनशेंड मागे फिरला आणि तैग्रिस नदीच्या वळणातल्या या गावात ठाण मांडून बसला. ७ डिसेंबर १९१५ ला वेढा पडला.

गुरुजींना मी एवढंच विचारलं, धान्य मोजलं कुणी? टाउनशेंडनं आधी कळवलं की शिधा थोडाच आहे. म्हणून सुटकेला निघालेली फौज जानेवारीत पुरती तयारी नसताना रेटली गेली. शेख साद, वादी, हन्ना इथे लढाया झाल्या. चिखलात, पावसात माणसं कापली गेली. मग जानेवारीच्या शेवटी घराघरांतून झडती घेतली, साठा निघाला, आणि निरोप गेला की ८४ दिवस निभेल! हा हिशेब डिसेंबरात केला असता तर? कूत सोडवायच्या खटपटीत सगळे मिळून सुमारे २३,००० जण मेले किंवा जखमी झाले. वेढ्याच्या आत होते त्याहून जास्त. आणि खापर फुटतं कुणावर, तर घोडा न खाणाऱ्या शिपायावर.

मला राहून राहून नवल वाटतं ते जात्यांचं. धान्य सापडलं, पण दळायचं कशानं? तेव्हा विमानातून जात्याच्या तळ्या टाकल्या. एप्रिलमध्ये पिठाची पोतीही टाकली, त्यातली काही नदीत गेली, काही तुर्कांकडे. माणशी शिधा मूठभर पिठावर आला होता, स्कर्वीच्या आजारानं हिरड्या सुजल्या होत्या. २४ एप्रिलच्या रात्री 'जुलनार' ही आगबोट २७० टन सामान घेऊन निघाली. तुर्कांनी नदीत आडव्या ताणलेल्या तारेत अडकली. एवढी अवजड बोट, अरुंद नदी, दोन्ही काठांवर शत्रू. इथल्या कुठल्याही तांडेलाला विचारलं असतं तरी तो नको म्हणाला असता.

गुरुजी सहजी ऐकणारे नव्हेत. "अरे, पण धर्मगुरूंची परवानगी तारेनं आली होती ना?"

आली होती की. एप्रिलमध्ये पुष्कळांनी खाल्लंही. पण तार धर्मगुरूंची. भावकीनं कुठे तार पाठवली होती?

यावर ते हसले, पण टाउनशेंडला काही सोडवत नाही त्यांना. सोमवारी त्याची बाजू मांडणार म्हणतात. कैदेत तो इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिला आणि त्याचे शिपाई वाळवंटातून पायी हाकलले गेले, रेल्वेच्या कामावर मेले, ते मी तोवर राखून ठेवलंय.