पाडव्याच्या दिवसाची नोंद

वर्ध्याला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर मी गेली सोळा वर्षे वकिली करते आहे. अपघातात चूक कोणाची होती, हे बहुतेक वेळा घटनास्थळ पंचनाम्यातून बऱ्यापैकी कळते. मेलेला माणूस काय कमावत होता, हे मात्र तो शेतमजूर असेल तर कुठेच लिहिलेले नसते. त्याने वीस वर्षे दुसऱ्याच्या वावरात राबून घर चालवलेले असते, पण न्यायालयात दाखवायला पगाराची एक चिठ्ठी नसते, आणि मग त्याच्या आयुष्याची किंमत अंदाजाने ठरते. हा अंदाज बहुधा कमीच असतो, असा माझा अनुभव आहे.

आर्वी तालुक्यातल्या एका सालदाराच्या, म्हणजे वर्षाच्या बोलीने राबणाऱ्या शेतमजुराच्या, दाव्यात हीच अडचण होती. 2021 च्या जानेवारीत, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, मालकाच्या वावरातल्या गव्हाला पाणी देऊन तो सायकलने घरी परतत होता. शेतीपंपाची लाइन त्या आठवड्यात रात्रीची होती, म्हणून तो अशा अवेळी रस्त्यावर होता. मागून आलेल्या मालवाहू गाडीने त्याला उडवले आणि चालक न थांबता निघून गेला. मागून मोटारसायकलवर येणाऱ्या एका दूधवाल्याने गाडीचा नंबर लक्षात ठेवला, म्हणून पुढचे सारे घडू शकले. गाडी सापडली नसती, तर त्या वेळच्या नियमाप्रमाणे त्याच्या बायकोला 25,000 रुपये मिळाले असते आणि प्रकरण तिथेच मिटले असते.

विमा कंपनीने दोन हरकती घेतल्या होत्या. सायकलला दिवा आणि रिफ्लेक्टर नव्हता, म्हणून मृताचाही दोष आहे, ही पहिली. पंचनाम्यात सायकलच्या हँडलला सुतळीने बांधलेल्या, काच फुटलेल्या बॅटरीची नोंद होती आणि गाडीच्या काचेचे तुकडे डांबरी रस्त्याच्या डाव्या कडेला, साइडपट्टीला लागून पडलेले होते. चालक साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आलाच नाही. त्यामुळे या हरकतीची मला फारशी काळजी नव्हती. दुसरी हरकत उत्पन्नाची होती. पुरावा नाही, तेव्हा महिना 5,000 रुपये धरावेत, असे कंपनीचे म्हणणे होते.

सालदाराच्या बायकोला मी पहिल्याच भेटीत विचारले होते की सालाचे पैसे कुठे लिहिलेले आहेत का. ती म्हणाली, "मालकाच्या वहीत असन जी." मालक साक्षीला येईल की नाही, याची मला खात्री नव्हती. गावातला मोठा कास्तकार मजुराच्या बाजूने तालुका सोडून जिल्ह्याच्या कोर्टात येतो, दिवसभर बाकावर बसतो, वकिलाचे उलट प्रश्न ऐकून घेतो, असे मी क्वचितच पाहिले आहे. समन्स निघाले आणि सत्तरीचा तो माणूस ऐन तूर काढणीच्या दिवसांत, पहिल्याच तारखेला, लाल कापडी बांधणीची वही रुमालात गुंडाळून हजर झाला.

वहीत प्रत्येक सालदाराचे पान वेगळे होते. आमच्या पानावर वर लिहिले होते, "25 मार्च 2020, पाडवा, साल ठरले 96,000 रुपये व दोन क्विंटल गहू." खाली पोळ्याची उचल, दिवाळीची उचल, आईच्या दवाखान्यासाठी दिलेले पैसे, आणि उजवीकडे खाड्यांच्या उभ्या रेघा होत्या. शेवटची नोंद संक्रांतीच्या आदल्या दिवशीची होती.

कंपनीचे वकील अनुभवी होते आणि त्यांनी तारीख ताबडतोब हेरली. 25 मार्च 2020 हा देशभरातल्या लॉकडाऊनचा पहिला दिवस होता. त्या दिवशी घराबाहेर पडायला बंदी असताना तुम्ही सालाचा करार कसा केला, ही नोंद तुम्ही दाव्यासाठी नंतर लिहिली आहे, असे त्यांनी सुचवले. खरे सांगते, माझ्या पोटात गोळा आला. ती तारीख मी डझनभर वेळा वाचली होती आणि हा योग माझ्या लक्षात आला नव्हता.

म्हाताऱ्याने थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिले. मग तो म्हणाला, "साहेब, पाडवा त्याच दिशी होता. साल पाडव्यालेच ठरते. आन् वावराले कुठं लॉकडाऊन असते? त्याचं घर माह्या घरामागंच हाये."

न्यायाधीशांनी ते उत्तर जसेच्या तसे नोंदवून घेतले. ज्या तारखेमुळे वही खोटी ठरणार होती, तिनेच ती खरी ठरवली. वर्षभराने बनावट नोंद करणाऱ्याने लॉकडाऊनचा पहिलाच दिवस मुद्दाम निवडला नसता.

वकिलांनी आणखी एक प्रश्न विचारला. हिशेबाअंती मृताकडे 6,200 रुपये बाकी दिसतात. भरपाई मिळाली की ते वसूल होतील, म्हणून तुम्ही खोटी साक्ष देत आहात ना? "बाकी हाये," तो म्हणाला. "मले ते पैसे नोको. पन रेघ मारली असती, त तुम्हीच म्हनले असते का वहीत खाडाखोड हाये."

निकाल तीन महिन्यांनी लागला. मृताचे वय 38, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सरला वर्मा प्रकरणात घालून दिलेल्या तक्त्याप्रमाणे गुणक, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाला ज्याने गुणायचे तो आकडा, 15. 2017 च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे भविष्यातील वाढीपोटी 40 टक्के. पत्नी, दोन मुले आणि आई असे चौघे अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी उत्पन्नातून एक चतुर्थांश वजा. महिना 5,000 धरले असते, तर हा हिशेब 9,45,000 रुपयांवर थांबला असता. वहीतले 96,000 धरल्यावर तो 15,12,000 झाला. गव्हाचे मोल धरले गेले नाही. इतर शीर्षांखालील रक्कम आणि व्याज वेगळे. एका पानामुळे 5,67,000 रुपयांचा फरक पडला आणि ज्यांच्या मालकांकडे असे पान नसते, त्या माझ्या इतर पक्षकारांचे चेहरे त्या दिवशी मला आठवत राहिले. त्यांच्या माणसांनी काम कमी केले नव्हते.

मुलांचे हिस्से ती सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत राहतील, हे मी तिला समजावून सांगत होते. तिने मध्येच विचारले, "तो डायव्हर काही बोलला काय?" मी सांगितले की तो आलाच नाही, पैसे विमा कंपनी भरणार आहे आणि त्याच्यावरचा निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याचा खटला तालुक्याच्या न्यायालयात अजून चालू आहे, त्यात जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा होऊ शकते. ती बराच वेळ गप्प होती.

मग म्हणाली, "मॅडम, सायकल तेवढी सोडवून द्या. पोरगा आठवीत गेला, शाळा चार किलोमीटर हाये. चाक बदलवून घेऊ."

ती सायकल मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात इतकी वर्षे पडून होती. सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट सांगेल तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, ती केव्हाच मागता आली असती, आणि ते मला सुचायला हवे होते. त्याच संध्याकाळी मी अर्ज लिहायला घेतला.