काना, मात्रा आणि डॉर्ड

मुद्रितशोधनाचे काम बरीच वर्षे केलेल्या माणसाला शब्दांकडे पाहण्याची एक वाकडी सवय लागते. शब्द किती सुंदर किंवा किती दुर्मीळ आहे यापेक्षा तो कुणाच्या हातून, कसा चुकला असेल, याकडे त्याचे लक्ष आधी जाते. अनवट इंग्रजी शब्दांच्या याद्या मीही हौसेने चाळल्या आहेत. पण त्यांतले पुष्कळसे शब्द लॅटिन किंवा ग्रीक मुळे सांधून मुद्दाम घडवलेले असतात आणि यादी मिटली की तेही विसरले जातात. माझ्या लक्षात राहिले ते निराळेच शब्द, जे कुणीही घडवले नाहीत, जे नजरचुकीने, ऐकण्यातल्या घोटाळ्याने किंवा खिळे जुळवणाऱ्याच्या घाईने जन्माला आले आणि तरीही थेट कोशात जाऊन बसले.

त्यांचा मुकुटमणी म्हणजे ‘डॉर्ड’. १९३४ साली वेबस्टरच्या न्यू इंटरनॅशनल या भल्यामोठ्या अमेरिकन कोशाची दुसरी आवृत्ती निघाली आणि तिच्या ७७१ व्या पानावर हा शब्द छापून आला. तो नाम आहे, पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र यांतला आहे आणि त्याचा अर्थ ‘घनता’ असा आहे, इतकी माहिती तिथे उच्चारासकट दिली होती. वास्तविक असा शब्द कुणी कधी उच्चारलाही नव्हता. झाले होते ते असे. ३१ जुलै १९३१ रोजी कोशाचे रसायनशास्त्राचे संपादक ऑस्टिन पॅटरसन यांनी एक चिठ्ठी पाठवली. तिच्यावर ‘डी ऑर डी’ आणि पुढे ‘डेन्सिटी’ असा मजकूर होता. म्हणजे घनतेसाठी मोठ्या लिपीतला किंवा छोट्या लिपीतला ‘डी’ हा संक्षेप चालतो, एवढेच त्यांना सांगायचे होते. आधीच्या आवृत्तीत संक्षेप शब्दांच्या रांगेतच छापलेले असत, या आवृत्तीत ते वेगळे काढायचे ठरले होते, आणि ही चिठ्ठी संक्षेपांच्या गठ्ठ्याऐवजी शब्दांच्या गठ्ठ्यात पडली. त्या कचेरीत मथळ्याचा शब्द टंकताना अक्षरांमध्ये जागा सोडण्याची पद्धत होती. त्यामुळे ‘डी’, मग ‘ओ’ आणि ‘आर’, मग पुन्हा ‘डी’ ही चार अक्षरे एकाच शब्दाची आहेत असे पुढच्या माणसाला वाटले, आणि त्यात त्याचा फारसा दोष आहे असे मला वाटत नाही. मी त्या खुर्चीत असतो तर मीही ती अक्षरे जोडली असती.

पुढची गंमत मात्र केवळ कोशाच्या कारखान्यातच घडू शकते. चिठ्ठी ज्या ज्या टेबलावर गेली, तिथल्या माणसाने आपापले काम चोख केले: कुणी व्याकरणातली जात लिहिली, कुणी उच्चार लिहिला. एकच रकाना मोकळा राहिला, तो व्युत्पत्तीचा, कारण जे कधी नव्हतेच त्याचे मूळ कुठून आणणार? आणि चोर सापडला तोही त्याच रकान्यामुळे. फेब्रुवारी १९३९ मध्ये एका संपादकाला या शब्दापुढे व्युत्पत्ती नाही हे खटकले, जुन्या चिठ्ठ्यांचा शोध सुरू झाला आणि पाच वर्षे सुखाने नांदलेल्या डॉर्डला निरोप द्यावा लागला. या प्रकरणाची हकिगत पुढे १९५४ साली त्याच कोशगृहाचे संपादक फिलिप गोव्ह यांनी लिहिली. शब्द काढावा लागला याची त्यांना थोडी हळहळच वाटत होती. डॉर्डचा अर्थ घनता असायला काय हरकत होती, असे त्यांनी मिश्कीलपणे विचारले आहे.

अशा शब्दांना ‘घोस्ट वर्ड’, म्हणजे भूतशब्द, हे नाव दिले ते केंब्रिजचे प्राध्यापक वॉल्टर स्कीट यांनी, १८८६ साली, फिलॉलॉजिकल सोसायटी या भाषाभ्यासकांच्या संस्थेच्या अध्यक्षपदावरून बोलताना. त्यांनी दिलेल्या उदाहरणांत एक आपल्याकडचे आहे. एडिनबरो रिव्ह्यू या नियतकालिकात १८०८ साली हिंदूंच्या अघोरी चालीरीतींवर मजकूर आला होता. कुणी गळ टोचून झोके घेतात (आपण ज्याला बगाड म्हणतो तोच हा प्रकार) आणि कुणी हातांतून ‘काइम’ आरपार घालतात, असे त्यात म्हटले होते. हे काइम म्हणजे हिंदुस्थानातले एखादे भयंकर हत्यार असणार, असे वाचकांनी गृहीत धरले. मूळ शब्द होता ‘नाइव्ह्ज’, म्हणजे साध्या सुऱ्या. तो शब्द इंग्रजी वळणदार अक्षरात लिहून पाहावा: आरंभीच्या ‘के’नंतर ‘एन’, ‘आय’ आणि ‘व्ही’ या तिघांच्या मिळून नुसत्या बुटक्या उभ्या काड्या उरतात, आणि आयवरचा ठिपका जरा डावीकडे सरकला की त्याच काड्यांतून ‘आय’ आणि ‘एम’ सहज वाचता येतात. घाईने लिहिलेल्या मराठी हस्तलिखितात घ आणि ध, भ आणि म यांनी ज्याला छळले आहे, त्याला हा प्रकार समजावून सांगावा लागणार नाही. मला खरी दाद द्यावीशी वाटते ती वाचकांच्या भाबडेपणाला. देश दूरचा असला की न कळणारा शब्दही खरा वाटतो.

‘ॲबकॉट’ची कुळकथा याहून लांब आहे, पण थोडक्यात सांगता येते. ‘बायकॉकेट’ नावाची एक टोपी असे. इंग्रजीतले एकवचनाचे ‘अ’ तिला चिकटले, नकलाकारांच्या आणि मुद्रकांच्या हातून अक्षरे झिजत गेली आणि शेवटी ‘ॲबकॉट’ उरले. कोशकारांनी तिची व्याख्या मात्र झिजू दिली नाही. दोन मुकुटांच्या आकाराची, इंग्लंडच्या राजांची राजटोपी, असा तिचा थाट वाढतच गेला. ऑक्सफर्डच्या महाकोशाचे संपादक जेम्स मरे यांनी १८८२ साली तिचे सोंग उघडे पाडले.

भूतांपैकी एक मात्र आपण सर्वांनी पाहिले आहे, परीक्षेच्या आदल्या रात्री तर फार जवळून. ‘सिलॅबस’ हा शब्द अशाच एका चुकीतून आला. पॅपिरसच्या गुंडाळीला ओळखीसाठी नावाची चामड्याची चिठ्ठी लावत असत, तिला ग्रीकमध्ये ‘सित्तिबा’ म्हणत. रोमन वक्ता सिसेरो याने आपला मित्र ॲटिकस याला लिहिलेल्या पत्रांत हा शब्द येतो. पंधराव्या शतकात ती पत्रे छापली गेली तेव्हा तो चुकीचा वाचला जाऊन ‘सिलॅबस’च्या वळणाचा झाला आणि नंतरच्या पंडितांनी त्याला ‘एकत्र करणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूशी जोडून प्रतिष्ठित व्युत्पत्तीही मिळवून दिली. डॉर्ड पाच वर्षांत पकडला गेला, सिलॅबस सुटला, आणि आज कोणत्याही विद्यापीठाची त्याच्याकडे बोट दाखवण्याची हिंमत नाही.

ऐकण्यातले घोटाळे याहून जुने आणि घरगुती आहेत. इंग्रजीत नामाआधी ‘अ’ लावायचा की ‘ॲन’, या खेळात एक ‘न’ सतत इकडून तिकडे पळत आला आहे. स्वयंपाक करताना बांधायचा ‘एप्रन’ मूळचा ‘नेप्रन’ होता. ‘ॲडर’ नावाच्या सापाचेही तेच झाले. याउलट ‘निकनेम’ने शेजारचा ‘न’ पळवून आणला, कारण मूळ शब्द ‘एक-नेम’, म्हणजे जोडनाव, असा होता. क्रिकेटमधला ‘अंपायर’ हा जुन्या फ्रेंचमधला ‘नॉनपेर’: जो दोघांपैकी कुणाच्याही जोडीचा नाही असा तिसरा. एवढी उत्तम व्युत्पत्ती असूनही त्याच्या निर्णयावर कुणाचा विश्वास बसत नाही, हा भाग वेगळा. ‘ऑरेंज’चे उदाहरण मात्र या यादीत उगाच घुसडले जाते. आपल्या नारिंगाचा तो भाऊ, संस्कृत नारंगापासून फारसी आणि अरबीमार्गे युरोपात गेलेला. पण त्याचा ‘न’ इंग्लंडला पोहोचण्याआधीच, इटली आणि फ्रान्सच्या वाटेवर गळला होता. स्पॅनिशमधल्या ‘नारांहा’त तो अजून शाबूत आहे.

महाराष्ट्राने या खात्यात जमा केलेला शब्द ‘डूलॅली’. डोके फिरलेल्या माणसाला इंग्लंडमध्ये आजही डूलॅली म्हणतात आणि म्हणणाऱ्यांपैकी अनेकांना हे नाशिकजवळच्या एका गावाचे नाव आहे याची कल्पना नसते. देवळालीला १८६१ पासून गोऱ्या सैनिकांची छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तिथे थांबत, आणि जहाजे ठरावीक हंगामातच सुटत असल्यामुळे ज्यांची मुदत अवेळी संपे त्यांना कित्येक महिने काढावे लागत. काम नाही, लढाई नाही, वर ऊन, दारू आणि हिवताप. या रिकामपणात जे भ्रमिष्टासारखे वागू लागत त्यांना ‘डूलॅली टॅप’ झाला असे बरोबरीचे सैनिक म्हणत. यातला टॅप म्हणजे नळ नव्हे, तो आपला ताप. ‘देवळालीचा ताप’ हे अस्सल देशी निदान त्या सैनिकांनी स्वतःच्या उच्चारात मायदेशी नेले. ताप वाटेत गळाला, गाव तेवढे राहिले. आज तोफखान्याच्या प्रशिक्षणासाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावाच्या स्थानकावरून गाडी जाते तेव्हा मी फलाटावरची पाटी न चुकता वाचतो. त्यातला ‘व’ त्या मंडळींनी कुठे टाकला असेल, हा प्रश्न मला दर वेळी पडतो.

शेवटचा शब्द माझ्या धंद्यातल्या दुखण्याचा आहे: ‘मंप्सिमस’. सोळाव्या शतकाच्या आरंभी इरॅस्मस आणि रिचर्ड पेस या विद्वानांच्या लेखनात एका अर्धशिक्षित पाद्र्याची गोष्ट येते. प्रार्थनेत ‘सुम्प्सिमुस’, म्हणजे ‘आम्ही ग्रहण केले’, असे म्हणायचे, तर तो वर्षानुवर्षे ‘मुम्प्सिमुस’ म्हणत होता. कुणीतरी चूक दाखवल्यावर त्याने उत्तर दिले की माझा जुना मुम्प्सिमुस मी तुमच्या नव्या सुम्प्सिमुससाठी सोडणार नाही. तेव्हापासून दाखवलेली चूक हट्टाने धरून ठेवणारा माणूस, आणि ती चूकही, इंग्रजीत मंप्सिमस झाली. १५४५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने पार्लमेंटमध्ये धर्मपंडितांना झापताना हीच जोडी वापरली होती: काहीजण जुन्या मुम्प्सिमुसला चिकटून बसले आहेत आणि काहींना नव्या सुम्प्सिमुसचा सोस सुटला आहे.

एका ज्येष्ठ लेखकांच्या पुस्तकाची मुद्रिते मी तपासत होतो. त्यांत ‘दुरावस्था’ हा शब्द अकरा वेळा आला होता आणि दुर् अधिक अवस्था म्हणजे दुरवस्था, हा नियम जाणून मी अकराही काने काढले. मुद्रिते लेखकांकडे गेली आणि परत आली, ती अकराही काने तांबड्या शाईने पुन्हा लावून. मी संधिविग्रह पानाच्या समासात लिहून ते पुन्हा काढले. तिसऱ्या खेपेला पहिल्या दुरावस्थेशेजारी बारीक, सुबक अक्षरात एकच ओळ होती: ‘आमच्या वडिलांच्या पत्रांत असेच आहे, कृपया राहू द्यावे.’ पुस्तक दहा काने काढून आणि तो पहिला तसाच ठेवून छापले गेले.