एमजीबीचा डावा उंबरा: कापला, चुकला, पुन्हा बसवला

मंडळी, चार महिने इथे काही लिहिलं नाही, कारण दाखवण्यासारखं काही नव्हतं आणि जे होतं ते दाखवायची लाज वाटत होती. आता डावं दार लागतं. एका बोटाने ढकललं की ‘खट्’ आवाज होऊन बसतं आणि वरपासून खालपर्यंत फट एकसारखी दिसते. परवा मी ते वीसेक वेळा उघडून लावलं. घरच्यांनी शेवटी गॅरेजमधलं दिवा-बटण बाहेरून बंद केलं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: गाडी १९६६ची एमजीबी रोडस्टर. १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर, पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर न खरवडता पडायची सोय) नाही. मी पेशाने मेकॅनिक नाही. वेल्डिंग या गाडीसाठीच शिकलो आणि पहिले दोन महिने फक्त भंगार पत्र्याचे तुकडे एकमेकांना चिकटवत बसलो होतो.

हिच्या आधीच्या एमजीएला वेगळी चासी होती. सांगाडा खाली, बॉडी वर. १९६२ला एमजीबी आली ती चासीशिवाय, म्हणजे पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. त्यात रोडस्टरला छप्पर नाही. छप्पर असलेल्या गाडीत भाराचा मोठा वाटा वरून पेलला जातो. इथे तो सगळा दोन दारांखालच्या सिलवर आणि दोन सीटच्या मधल्या, गिअरबॉक्स झाकणाऱ्या बोगद्यावर येतो. सिल म्हणजे दाराखालचा उंबराच, म्हणून मी त्याला उंबराच म्हणतो. घरातल्या उंबऱ्यावर कुणी बसलं तर आजी ओरडायची. या गाडीच्या उंबऱ्यावर तर अख्खी गाडी बसलेली असते.

हा उंबरा एका पत्र्याचा नाही. बाहेरचा दिसतो तो पत्रा, आत जमिनीला जोडलेला दुसरा, दोघांच्या मधे उभा पडदा आणि तळाशी कॅसल रेल. या रेलच्या कडेला तटबंदीसारख्या खाचा असतात. आत शिरलेलं पाणी बाहेर पडावं, एवढंच त्यांचं काम. माझ्या गाडीत कुणीतरी या खाचा काळ्या डांबरी लेपाने लिंपून टाकल्या होत्या. गंजू नये म्हणून लावलेल्या लेपानेच पाणी आत कोंडलं.

बाहेरून मात्र सगळं छान दिसत होतं. पहिली शंका आली ती लोहचुंबकामुळे. दाराच्या मागच्या कोपऱ्याखाली तो चिकटेचना. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलो, तर पुढे टण्ण आणि मागे थप्प. ग्राइंडरने रंग काढल्यावर बोटभर जाडीची पुट्टी निघाली आणि तिच्याखाली नवा पत्रा. हा ‘नवा’ पत्रा जुन्या कुजलेल्या उंबऱ्यावर टोपीसारखा बसवलेला होता. पोकळीत पिवळा फोम भरलेला. फोम ओला होता! स्पंजसारखा पिळला तर पाणी गळालं. हा उद्योग कुणी केला माहीत नाही, पण ज्याने केला त्याला ती गाडी विकायची होती, चालवायची नव्हती, असं माझं मत झालं आहे. तुमच्या गाडीत असा फोम सापडला तर आधी खरवडून पूर्ण काढा. वेल्डिंगच्या उष्णतेने तो पेटतो आणि त्याचा धूर छातीत जाऊ देण्यासारखा नाही.

कापण्याआधीच्या तयारीला तीन शनिवार-रविवार गेले, आणि ते कमीच पडले हे पुढे कळेलच. इंजिन आणि गिअरबॉक्स आधीच बाहेर होते. पेट्रोलची टाकी काढून गॅरेजच्या बाहेर नेली. टाकी रिकामी असली तरी तिच्यातली वाफच जास्त घातक. दोन्ही बॅटऱ्या काढल्या. (हो, दोन. सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन, एकापुढे एक जोडलेल्या.) मग बॉडी चार घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घेतली, दोन पुढच्या सस्पेन्शनच्या आडव्या तुळईखाली, दोन मागच्या स्प्रिंगच्या पुढच्या टोकांखाली. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने चारही कोपरे एका पातळीत आणले. ही गवंड्याची जुनी युक्ती, मला कुठल्याही डिजिटल लेव्हलपेक्षा भरवशाची वाटते. दोन कर्णांची मापं ओळंबा सोडून जमिनीवर खडूने उतरवली. फरक तीन मिलिमीटरचा निघाला, तेवढा मला चालणार होता.

दाराच्या चौकटीला चौकोनी पाइपचा आधार दिला. पुढच्या खांबावर बिजागरीच्या भोकांत आणि मागच्या खांबावर कुलपाच्या पट्टीच्या भोकांत बोल्ट घालून दोन आडवे पाइप, एक तिरका. फोटो काढला, मित्राला पाठवला, स्वतःवर खूश झालो.

कापायला सुरुवात केली तेव्हा कुजलेलं किती आहे ते कळलं. पुढचं मडगार्ड बोल्टवर असल्याने निघालं; त्याच्या मागच्या खळग्यात चाकाने उडवलेला चिखल दाबून बसला होता, खुरपं घेऊन काढावा लागला. हा चिखल ओलाच राहतो आणि उंबऱ्याचं पुढचं टोक तिथूनच जातं. मागचं मडगार्ड वेल्ड केलेलं असतं आणि उंबरा त्याच्या खाली आत जातो, म्हणून त्याचा खालचा कोपरा कापायला जीव होत नव्हता. पण मडगार्ड न कापता बाहेरचा पत्रा तिथपर्यंतच लावून वर पुट्टी फासणं म्हणजे त्या टोपीवाल्याचीच पद्धत. कापला. आतलं चित्र बघून बरं झालं कापला असं वाटलं: मधल्या पडद्याचा खालचा तृतीयांश भाग नव्हताच, नुसती तपकिरी जाळी.

आता चूक. नवा पडदा आणि नवा आतला पत्रा क्लॅम्पने धरला, दार लावून बघितलं, फट वर-खाली पाच मिलिमीटर, झकास. मग हात नीट पोचावा म्हणून दार काढून ठेवलं. सकाळचा वेळ होता, हात बसला होता, वेल्डिंगची टॉर्च छान चालत होती. वरच्या कडेच्या, म्हणजे दाराच्या पायरीच्या कडेच्या सगळ्या भोकांत प्लग वेल्ड (वरच्या पत्र्यातलं भोक भरून तो खालच्याला जोडणारा वेल्ड) एका दमात मारत गेलो, पुढून मागे. संध्याकाळी दार चढवलं तर लागेना. वरच्या बाजूला फट दोन मिलिमीटर, कुलपाची जीभ पट्टीवर आपटत होती. खाली मात्र पाचच्या पाच.

त्या रात्री मी दार थोडं घासावं का, बिजागरीत वॉशर घालावा का, असले विचार केले. दोन्ही फसवणूक. खरं कारण कागदावर रेघ ओढल्यावर सापडलं. वेल्ड थंड होताना आकुंचन पावतो. मी फक्त वरची कड तापवली, त्यामुळे उंबऱ्याची वरची बाजू आखडली, खालची तशीच राहिली. तुळई केळ्यासारखी वाकली, दोन्ही टोकं वर आली आणि त्यांच्यावर उभे असलेले दोन्ही खांब वरच्या टोकाला एकमेकांकडे झुकले. म्हणून फट वर कमी झाली.

मग पाइपच्या आधाराने काय केलं? काहीच नाही, कारण बिजागरीच्या मोठ्या भोकांत मी बारीक बोल्ट घातले होते. भोकात बोल्ट प्रत्येकी दीड मिलिमीटर खेळत होता. दोन्ही टोकांची ढिलाई जोडली की बरोबर तीन मिलिमीटर. आधार दिसायला भक्कम, करायला नुसता शोभेचा.

दुरुस्तीला दोन आठवडे लागले. वरच्या कडेचे सगळे प्लग ड्रिलने काढले (अठ्ठावीस होते, मोजले), त्यांत चार ठिकाणी पत्रा पातळ झाला म्हणून मागे तांब्याची पट्टी धरून भोकं भरली. आधाराचे बोल्ट भोकात घट्ट बसतील असे निवडले आणि वरच्या आडव्या पाइपात टर्नबकल (फिरवला की लांबी कमी-जास्त करणारा आट्यांचा जोड) घातला. टर्नबकल फिरवून खांब हळूहळू मागे ढकलले, फट वर साडेपाचपर्यंत नेली. अर्धा मिलिमीटर मुद्दाम जास्त, कारण आकुंचन होणारच. त्यानंतर दार चढवलेलंच ठेवलं. हात वाकडा घालावा लागला, मास्क दाराला आपटत राहिला, पण दार काढलं नाही. क्रम असा ठेवला: मधे वर एक, मधे खाली एक, पुढच्या टोकाला वर, मागच्या टोकाला खाली, आणि प्रत्येक चार वेल्डनंतर हात लावून पत्रा कोमट झाला की दार लावून फट मोजायची. फिलर गेजच्या (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या) पात्या एकावर एक ठेवून मी तीन ठिकाणी मोजत होतो. चिकट टेपवर पेनने आकडे लिहून तीच टेप दारावर लावली. शेवटचे आकडे वरून खाली ४.८, ४.९, ५.१. तो टेपचा तुकडा मी जपून ठेवला आहे.

वेल्डिंगचं थोडक्यात, कारण दोघांनी विचारलं होतं. तार ०.६ मिलिमीटर, गॅस आर्गन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण. पत्रा मिलिमीटरभर जाडीचा असल्याने ०.८च्या तारेने मी सतत भोकं पाडत होतो. वरच्या पत्र्यात सहा मिलिमीटरचं भोक, खालचा पत्रा चकचकीत साफ, दोन्ही पत्रे क्लॅम्पने इतके आवळलेले की मधे कागद जाऊ नये, आणि सुरुवात भोकाच्या मध्यापासून खालच्या पत्र्यावर. रोज सुरुवातीला दोन तुकडे जोडून पक्कडीने ओरबाडून बघतो. सांधा सुटला तर नापास. सांधा टिकून आजूबाजूचा पत्रा फाटला तर गाडीकडे जायचं. साफसफाईला क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर वापरू नका. त्यावर वेल्डिंगची उष्णता पडली की फॉस्जीन तयार होऊ शकतो, आणि तो विषारी वायू आहे. मी पाणी-साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून, मग साध्या ॲसिटोनने पुसतो आणि ॲसिटोन उडून जाईपर्यंत चहा पितो. चिंधी आणि डबा दोन्ही बाहेर.

बंद होणाऱ्या प्रत्येक सांध्यात झिंकचा वेल्ड-थ्रू प्रायमर (वेल्ड करायच्या पत्र्याला गंजाविरुद्ध आधीच लावायचा) मारला आहे, फक्त प्लगच्या जागी खरवडून. रंगानंतर पोकळीत मेण फवारायचं आहे, आधी नाही. मेण लावून वेल्ड केलं तर पेटेल. कॅसल रेलच्या खाचांतून या वेळी खिळा फिरवून पाहिला, सगळ्या मोकळ्या.

इंजिनाबद्दल फारसं नाही. १९६४च्या अखेरीपासून या इंजिनात क्रँकला तीनऐवजी पाच मेन बेअरिंग आली, त्यामुळे माझ्या गाडीत पाचवालं आहे. बाहेर काढण्याआधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) घेतलं होतं: पहिला, दुसरा आणि चौथा सिलिंडर एकशे पन्नास पीएसआयच्या आसपास, तिसरा नव्वद. त्यात चमचाभर तेल घालूनही आकडा हलला नाही, म्हणजे रिंग नव्हे, व्हॉल्व्ह. हेड काढल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळालेली दिसली. तो नवा घालणारच आहे, आणि हेड उघडलंच आहे तर चारही एक्झॉस्ट सीट कडक धातूच्या बसवून घेईन, म्हणजे शिसेरहित पेट्रोलने सीट झिजायची चिंता नको. ते काम मशिनवाल्याकडे. मी स्वतः करायच्या गोष्टींची यादी दर महिन्याला थोडी लहान होते आहे, आणि त्याचं मला काही वाटत नाही.

एक फुटकळ गोष्ट, पाने (स्पॅनर) विकत घेणाऱ्यांसाठी. या गाडीवर मेट्रिक पाने चालवू नका. ७/१६ इंच म्हणजे ११.११ मिलिमीटर, अकराचा चढत नाही आणि बाराचा चढून नट गोल करतो. मी गोल केलेल्या नटांचा डबा भरला आहे. आणि गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे, धन टोक बॉडीला, म्हणून बॅटऱ्यांच्या जागेवर मी लाल रंगात मोठ्या अक्षरात तसं लिहून ठेवलं आहे. कधीतरी कुणीतरी (बहुधा मीच) घाईत उलट लावेल.

आता उजवी बाजू. तिथेही लोहचुंबक मागच्या कोपऱ्याला चिकटत नाही, तेव्हा आत काय असणार ते ठाऊक आहे. आज दार चढवलेलं असतानाच मापं घेतली: वर ६.२, मधे ५.५, खाली ४.६. म्हणजे ही बाजू कापण्याआधीच खचलेली आहे, खांब वर एकमेकांपासून लांब गेले आहेत. आधी टर्नबकलने ते जवळ आणायचे, मग ग्राइंडर. बोल्ट भोकात घालून पाहिले, हलवले, खेळत नाहीत.