वैनगंगेचे गळ, लोफोटनचा समुद्र

नागपूरकराला समुद्र कळणार कसा? समृद्धी महामार्गाने मुंबई गाठायची तरी ७०१ किलोमीटर. आमचं पाणी म्हणजे पवनीजवळची वैनगंगा. बांबूची काठी, कणकेची गोळी, रोहू लागला तर लागला, नाही तर डबा उघडून गप्पा. असे आम्ही चौघं, म्हणजे निवृत्त मास्तर, मेडिकलवाला, बँकवाला आणि मी, मार्चमध्ये नॉर्वेच्या लोफोटन बेटांवर कॉड हा समुद्री मासा धरायला निघालो. घरी पहिला प्रश्न आला, "काऊन, गोरेवाडा तलाव आटला का?"

मार्चच का, तर तेव्हा तिथं स्क्रेई असतो. स्क्रेई म्हणजे बॅरेंट्स समुद्रातून अंडी घालायला खाली लोफोटनला येणारा मोठा कॉड. जानेवारी ते एप्रिल हा त्याचा हंगाम, आणि हजारेक वर्षांपासून माणसं त्याच्या मागे इथं येतात. बेटं उत्तर ध्रुववृत्ताच्या वर, ६८ अंशांवर आहेत, तरी बंदरं गोठत नाहीत, कारण अटलांटिकचा उबदार प्रवाह किनाऱ्याला लागून वाहतो. आम्ही गेलो तेव्हा दिवसा पारा शून्याच्या जरा खाली-वर होता. नागपूरची मे महिन्यातली दुपार काढणाऱ्याला हे अशक्य नाही. अशक्य वेगळंच निघालं.

प्रवास सांगून टाकतो. नागपूर, मुंबई, ऑस्लो, तिथून एव्हेनेसचं विमान, मग गाडीने ई-१० रस्त्यावरून लोफोटनमधलं स्वोल्व्हेर, साधारण तीन तास. रस्ता सुरेख आहे, पण बर्फाचा आहे. गाडी भाड्याने घ्याल तर टायर हिवाळी आहेत ना ते बघा, आणि ज्याने बर्फावर कधी चालवलेली नाही त्याला चाक देऊ नका. आमच्या बँकवाल्याचा हट्ट पहिल्याच वळणावर उतरला. शेंगेन व्हिसाचं काम लवकर हाती घ्या. आम्ही उशीर केला आणि तिकिटं महाग पडली.

सामानाबद्दल एक. मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपाबाहेरून नॉर्वेत नेता येत नाहीत. वहिनींनी प्रेमाने भरलेला तुपाचा डबा घरीच काढून ठेवावा लागला. सावजी मसाला मात्र बिनधास्त गेला, आणि त्याने पुढे अब्रू राखली.

कपड्यांच्या बाबतीत आम्ही शहाणे होतो असं आम्हाला वाटत होतं. तिबेटी बाजारातले स्वेटर, दोन-दोन मोजे, माकडटोपी. चूक एकच झाली, सगळ्यांच्या आत सुती बनियन. बोटीवर घाम येतो, सुती कपडा तो धरून ठेवतो, आणि वारा लागला की अंगावर बर्फाची घडी ठेवल्यासारखं होतं. अंगाला लागून लोकरीचंच हवं. लोकर ओली झाली तरी ऊब सोडत नाही. वरचा तरंगणारा सूट बोटवाल्यांकडून मिळतो, तो आणू नका. हातमोजे दोन जोड आणा. पहिला जोड पहिल्या माशालाच भिजतो.

पहिल्या सकाळी बंदरातून बाहेर पडून वीस मिनिटं झाली आणि मास्तरांनी कठडा धरला. अर्ध्या तासात बँकवालाही त्यांच्या शेजारी. मेडिकलवाल्याने देशभरच्या उलटीच्या गोळ्या आणल्या होत्या, पण त्या कुठं? खोलीवर, सुटकेसमध्ये. "अबे, दुकान तिकडं ठेवून आला काय?" मास्तर एवढंच बोलले आणि पुन्हा वाकले. गोळी समुद्रात गेल्यावर घेऊन उपयोग नाही, निघण्याआधी पोटात हवी. तुमच्यासाठी कुठली, ते डॉक्टरांना विचारून घ्या. रिकाम्या पोटी जाऊ नका, तेलकट पोटीही नको. केबिनमध्ये बसून मोबाइल बघणारा पहिला आडवा होतो. बाहेर, बोटीच्या मधोमध उभं राहून क्षितिजाकडे बघत राहायचं.

आता मासेमारी. इथं गळाला आमिष नसतं. जिग म्हणजे माशाच्या आकाराचा धातूचा जड तुकडा, खाली तिहेरी गळ. तो तळापर्यंत सोडून रीळ दोन-तीन फेरे गुंडाळायचं, मग काठी हळू वर, हळू खाली. मी तासभर तळ धरून बसलो आणि काही लागलं नाही. कप्तानाने मासे शोधायच्या यंत्राच्या पडद्यावर बोट ठेवलं. लाल पट्टा, म्हणजे मासे, तळापासून बराच वर होता. अंडी घालणारा स्क्रेई वरचं थंड पाणी आणि खालचं कोमट पाणी मिळतात तिथल्या मधल्या थरात राहतो. वैनगंगेत तळ शोधायची खोड तिथं आडवी आली. जिग ऐंशी मीटरवर थांबवला आणि दोरी अशी जड झाली की मला वाटलं खडकात अडकली. खडक मग डोकं हलवायला लागला. वर आला तो अकरा किलोचा निघाला.

नियम पक्के ठेवा. पर्यटकाला फक्त हातातली काठी किंवा दोरी चालते, समुद्रासाठी परवाना लागत नाही, पण मासा विकता येत नाही. या भागात ४४ सेंटिमीटरपेक्षा लहान कॉड ठेवायचा नाही. मासा देशाबाहेर नेण्यावर वजनाची मर्यादा आहे. आम्ही त्या भानगडीतच पडलो नाही, खाल्ला आणि उरलेला वाटला. स्वतः बोट चालवायची हौस असेल तर आठ मीटरपेक्षा मोठ्या किंवा २५ अश्वशक्तीपेक्षा जास्त इंजिनाच्या बोटीला १९८० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना प्रमाणपत्र लागतं. माझं ऐका, कप्तानासकट बोट घ्या. समुद्रातल्या संकटासाठी फोन १२०.

आणि जास्तीचे दिवस ठेवा. पाचातले दोन दिवस वाऱ्याने खाल्ले. 'वाय आर' या हवामान ॲपवर वारा बघत आम्ही खिडकीत बसलो होतो. आम्ही रोरबूत राहत होतो, म्हणजे मच्छीमारांची लाल लाकडी घरं, पाण्यावर खांब रोवून बांधलेली. त्यातला एक रिकामा दिवस माझा सगळ्यात आवडता ठरला. गावाबाहेर लाकडी मांडवांवर हजारो कॉड शेपटीला शेपूट बांधून वाळत होते. मीठ नाही, धूर नाही, नुसती हवा. फेब्रुवारीत टांगतात आणि मेपर्यंत ठेवतात. डोकी वेगळी वाळवून नायजेरियाला पाठवतात. वास आला आणि मेडिकलवाला म्हणाला, "हा तं सुक्या बोंबलाचा बाप हाय!" धक्क्यावर शाळकरी पोरं कापलेल्या डोक्यांतून जिभा काढत होती. ही तिथल्या पोरांची जुनी कमाई. मास्तर अर्धा तास बघत राहिले आणि म्हणाले, आपल्या शाळेत हा तास असता तर पटावर पोरं टिकली असती.

सावजी रस्सा आम्ही तिसऱ्या रात्री केला. कॉडचं मांस पांढरं, पाकळ्या-पाकळ्यांचं. रोहूसारखं रटरटवलं की विरघळतं. रस्सा आधी पूर्ण शिजवा, तुकडे शेवटची पाच मिनिटं, आणि पळी घालू नका. कडक दारू फक्त सरकारी दुकानात मिळते आणि ते लवकर बंद होतं, हे आम्हाला शनिवारी संध्याकाळी कळलं.

परतल्यावर पुढच्याच रविवारी पवनीला गेलो. तिथल्या भोईकाकांना फोटो दाखवला. त्यांनी मासा नीट बघितला, मोबाइल परत दिला आणि विचारलं, "किती खोल होता?"

"ऐंशी मीटर, काका."

"मंग दोर गुंडाळताच दिवस जात असन," म्हणाले, आणि कणकेची गोळी मळायला लागले.