जळगाव-मुंबई विमानाने, खिडकीशी नाना

जळगाव ते सीएसएमटी रेल्वेने 420 किलोमीटर, आणि हवेतून सरळ रेघ मारली तर साधारण 355. म्हणजे अंतरात फरक फार नाही, पण गाडीला सहा-सात तास लागतात आणि विमान तासाभरात टेकतं. अर्थात घरून लवकर निघणं, चेकिंग, मग मुंबईत बॅगेची वाट आणि टॅक्सी हे सगळं धरलं तर तो एक तास चार-साडेचार तासांवर जातो. बहिणीचं घर पार्ल्याला म्हणून आम्हाला परवडलं. कल्याण-डोंबिवलीला जायचं असेल तर सरळ गाडीच पकडा, उगाच विमानाने पुढे जाऊन उलटं मागे यायचं कशाला.

पण मला लिहायचंय ते नानांबद्दल. नाना भुसावळचे रिटायर्ड रेल्वे ड्रायव्हर, भुसावळ-इगतपुरी सेक्शन त्यांना तोंडपाठ. विमानात पहिल्यांदाच बसले. आमचं विमान पंख्याचं, एटीआर, त्याचे पंख खिडकीच्या वर असतात त्यामुळे खालचं सगळं मोकळं दिसतं. हिवाळा होता, हवा स्वच्छ. उडाल्या उडाल्या केळीच्या बागा, लांबवर तापीचा पट्टा, मग चाळीसगावकडची शेतं, आणि नाना एकही शब्द न बोलता नुसते रूळ शोधत होते. हवेतली सरळ रेघ बरीचशी रेल्वेलाईनच्या आसपासनंच जाते हे मला तेव्हा कळलं.

मग एकदम माझा हात धरून मनमाडजवळचे जोडकिल्ले दाखवत म्हणाले, "पाय पाय, अंकाई-टंकाई! अन् ते मनमाड. याच्या खालून किती गाड्या काढेल आहेत मी, वरून कधी पाह्यलं नव्हतं." बाजूची बाई पण वाकून बघायला लागली, नानांनी तिलाही दाखवलं. थोड्या वेळाने इगतपुरी आली तर घड्याळ बघून म्हणाले, "मनमाडहून इथवर दोन तास धरायचो आम्ही, हा पंधरा मिनिटांत आला." खाली कसारा घाट, 37 ला 1 चा चढ, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर, मुंबईहून येताना तिथे मागून ढकलायला जादा बँकर इंजिनं लावावी लागतात, आणि विमानातून तो सगळा घाट बोटभर दिसत होता. नानांचे डोळे भरून आले होते. मी फोटो काढायचा सोडून त्यांच्याकडेच बघत बसलो.

मुंबईतले दिवस लग्नात गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

येताना मात्र आमच्या तारखेला विमानच नव्हतं, रात्रीच्या गाडीने आलो. याचाच राग येतो. जळगावच्या विमानतळाचं उद्घाटन 2012 मध्ये प्रतिभाताई पाटलांच्या हस्ते झालं, नियमित विमान यायला 2017 चा डिसेंबर उजाडला, मग सेवा बंद, परत सुरू, परत बंद, आणि 2024 मध्ये पुन्हा सुरू. खान्देशातून ऑपरेशनसाठी, ट्रीटमेंटसाठी मुंबईला जाणारी किती माणसं आहेत, रात्रभर गाडीत बसून जातात बिचारी. त्यांच्यासाठी सकाळी जाऊन संध्याकाळी परत येईल असं विमान रोज पाहिजे, आठवड्यातले ठरावीक वार नकोत. आणि कुणाच्या घरी रेल्वेतला म्हातारा माणूस असेल तर त्याला खिडकी द्या, आम्ही उजव्या बाजूला होतो.