समुद्रावर भेटायला जाताना

रत्नागिरी, शनिवार रात्र

धाकट्या भावाने आज जेवणानंतर पलंगावर चार शर्ट पसरले आणि विचारले, "ताई, उद्या यातला कोणता घालू?" उद्या संध्याकाळी तो एका मैत्रिणीला भाट्याच्या किनाऱ्यावर भेटणार आहे. दोघांची ओळख नवी आहे आणि घरच्यांनी ठरवलेले यात काही नाही. प्रश्न त्याने सहज विचारला, पण मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडचे मुलगे या बाबतीत दोन टोकांना जातात आणि दोन्हींचा त्रास समोरच्या मुलीला होतो.

पहिले टोक बघण्याच्या कार्यक्रमाचे. खोचलेला फिकट निळा शर्ट, कडक इस्त्रीची काळी पँट, चकाकणारा पट्टा, पॉलिश केलेले बूट. माझ्या लग्नाआधी मला पाहायला आलेली बहुतेक मुले याच वेशात आली होती आणि दिवाणखान्यात तो वेश शोभूनही दिसत असे. मात्र सुरूच्या बनात कोणी तसा येऊन उभा राहिला, तर आपण गप्पा मारायला आलो आहोत की पसंती कळवायला, असे दडपण मुलीच्या मनावर येते; शिवाय रत्नागिरीसारख्या गावात कोणी ना कोणी ओळखीचे भेटतेच आणि तो वेश पाहून त्यांचे तर्क लगेच सुरू होतात. दुसरे टोक म्हणजे घरातला विटलेला टी-शर्ट, ढगळ बर्म्युडा आणि टाच झिजलेली रबरी चप्पल. समुद्रावरच तर जायचे आहे, हे त्यामागचे समर्थन मला मुळीच पटत नाही. तिने निघण्यापूर्वी विचार करून कुर्ता निवडलेला असतो, घरी काहीतरी सांगून वेळ काढलेला असतो. त्या भेटीला अंथरुणातून उठून आल्यासारखे जाणे हा तिचा अनादर आहे, असे मी त्याला स्पष्ट सांगितले.

या दोहोंच्या मधला वेश शोधायचा, तर आमच्या किनाऱ्यावर सुरुवात कापडापासून करावी लागते. पाऊस ओसरून ऊन तापू लागले की इथली हवा अंगाला चिकटते आणि शर्ट कितीही देखणा असला तरी पाच मिनिटांत पाठीला डसतो. बाबांच्या कापडाच्या दुकानात लहानपण गेल्यामुळे मला एक परीक्षा ठाऊक आहे, ती आज भावाला करून दाखवली. शर्टाच्या आतल्या शिवणीतून एक सुटा धागा काढला, चिमट्यात धरला आणि त्याला काडी लावली. पहिल्या शर्टाचा धागा भुरुभुरु जळला, जळक्या कागदासारखा वास आला आणि बोटाने चुरली जाईल अशी करडी राख उरली, तो सुती. दुसऱ्याचा धागा आक्रसत वितळला आणि टोकाला काळा, कडक मणी तयार झाला; ते पॉलिस्टर. भावाला सर्वांत आवडलेला चमकदार काळा शर्ट नेमका हाच होता. हवेत ६५ टक्के आर्द्रता असताना सुती धागा स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओल धरून ठेवतो, अळशीच्या खोडापासून निघणारे लिनन सुमारे १२ टक्के, आणि पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणून पॉलिस्टरखाली घाम अंगावरच राहतो, आणि त्याचा वास त्या कापडात अडकून बसतो तो धुतल्यावरही पुरता जात नाही. तिच्या शेजारी तासभर बसायचे असेल, तर ही गोष्ट रंग आणि फॅशन यांच्या आधी येते.

रंगाचेही इथे वेगळे गणित आहे. राखाडी आणि आकाशी रंगावर घामाचा डाग लांबून दिसतो. पांढऱ्या आणि गडद निळ्या रंगावर तो फारसा कळत नाही. पांढऱ्या पातळ शर्टाखाली पांढरे बनियन उठून दिसते, त्याऐवजी अंगाच्या रंगाशी मिळतेजुळते घालावे. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावरच संपली पाहिजे, आणि शर्ट खोचायचा नसेल तर त्याची लांबी पँटच्या चेनच्या मध्यापर्यंतच असावी. त्याखाली गेला की तो मोठ्या भावाचा मागून आणलेला वाटतो. लांब बाह्या कोपराच्या खाली दोन घड्यांत दुमडल्या की न खोचलेला शर्टही नीटनेटका दिसतो. इतके साधले तर शर्ट महागाचा असण्याची काहीच गरज नाही.

पँट सुती आणि हलकी घ्यावी. जाड जीन्सचा काठ लाटेत भिजला की रात्रीपर्यंत वाळत नाही आणि पुळणीची वाळू त्याला घट्ट धरून बसते, तर सुती पँट घोट्यावर सहज दुमडता येते. कोल्हापुरी चपला मला स्वतःला फार आवडतात, परंतु त्यांचे चामडे बाभळीच्या सालीने कमावलेले असते आणि खाऱ्या पाण्याने ते कडक होऊन तडकते. त्यामुळे त्या गावात फिरताना घालाव्यात आणि किनाऱ्यावर झटकन काढता येतील असे पट्ट्याचे सँडल न्यावेत. सँडल घालायचे तर पायाची नखे कापलेली हवीत, हेही त्याला सांगावे लागले. अत्तर मानेजवळ थेंबभर पुरे.

पावसाळ्यात अर्थातच हे सगळे बदलते. वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात जूनपासून पुढे गडद पँट आणि दोघांना पुरेल अशी मोठी छत्री, एवढाच विचार करावा.

उद्यासाठी पांढरा सुती शर्ट ठरला आहे, पण त्याच्याकडे असा एकच शर्ट असणे काही बरोबर नाही. सोमवारी त्याला दुकानात नेऊन गडद निळ्या लिननचा तुकडा घेईन. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, मोठा असला तर पूर्ण बाह्यांच्या शर्टाला १.६० मीटर पुरते. शिंप्याकडे टाकण्यापूर्वी तो रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावा लागेल, नाहीतर पहिल्या धुण्यातच आटेल आणि खांद्याची शिवण जागा सोडेल. दिवाळीच्या गर्दीत शिंपी नवीन काम घेत नाहीत, म्हणून हे याच आठवड्यात उरकायचे आहे.